पापलेटची लांबी कोण मोजतं?

पत्र थोडं कापून छापतो आहे, माफ करा.

“मी २९ वर्षांची. रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता केली, एका मराठी दैनिकाच्या पुणे आवृत्तीत पाच वर्षं काढली, गेल्या वर्षी नोकरी सोडली. आजोळ दापोली तालुक्यात, हर्णैच्या मासळी बंदराजवळ. मला समुद्रावर सलग, नीट लिहायचंय. जुन्या दैनिकात पंधरवड्याला स्तंभ असतो, पण त्याच्या मानधनात कोकणात जाण्यायेण्याचं पेट्रोलही भागत नाही. परदेशी संस्थांकडे दोन अर्ज केले, दोन्ही परत आले. आता किनाऱ्यावर मोठा प्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीचे जनसंपर्क अधिकारी म्हणतात, ‘आमच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, लेखमालेला पैसे देऊ, एकही शब्द बदलायला सांगणार नाही.’ बाबांचं म्हणणं, परदेशी पैशापेक्षा हे बरं, निदान दारात चौकशी तरी येणार नाही. आणि माझे जुने संपादक म्हणाले, ‘अगं, पुणेकराला समुद्राचं काय पडलंय?’ मी काय करू?” – क., कर्वेनगर

क., नमस्कार.

आधी संपादकांचं बघू, कारण ते निम्मे बरोबर आहेत. आपण सह्याद्रीच्या अलीकडचे. मुठेत टाकलेली प्लास्टिकची पिशवीसुद्धा कोकणाकडे जात नाही. मुळा-मुठा, भीमा, उजनी, कृष्णा असा प्रवास करून तिचं काही उरलंच तर ती बंगालच्या उपसागराला मिळायची. पुणेकराचा समुद्राशी संबंध म्हणजे डिसेंबरातली दिवेआगरची ट्रिप आणि रविवारची सुरमई, एवढं मान्य.

पण पत्रकार म्हणून तुम्ही अगदी मोक्याच्या गावात बसला आहात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, हिंदी महासागर किती तापतोय याचा वर्षानुवर्षं अभ्यास चालतो. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं, की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती प्लवकं २० टक्क्यांपर्यंत घटली आहेत. ही प्लवकं म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, समुद्रातलं गवतच. गवत कमी झालं की पुढे काय होतं, हे हर्णैच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, कुणी सांगावं लागत नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. देशातल्या बंदरांची आणि लाटरोधक बंधाऱ्यांची छोटी मॉडेलं बनवून लाटा कुठे आपटतील, गाळ कुठे साचेल, ते तिथे तपासतात. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. हे सगळं पीएमपीच्या बसच्या तिकिटात येतं. दिल्ली-मुंबईच्या पत्रकाराला त्यासाठी विमान नाहीतर गाडी करावी लागते. अर्जात ‘मीच का’ असा रकाना असतो, त्यात तुम्ही ‘समुद्राची लहानपणापासून ओढ’ असं लिहिलंय. ओढ सगळ्यांनाच असते हो. हे वरचं लिहा.

अर्जांच्या प्रती जोडल्यात ते फार बरं केलंत. दोन्हीचा विषय ‘कोकण किनाऱ्यावरील सागरी परिसंस्थेपुढील आव्हाने’. हा परिसंवादाच्या उद्‌घाटनाच्या भाषणाचा मथळा आहे. त्यात तुम्ही एलईडी मासेमारी (प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडणं), कांदळवन, प्लास्टिक, कासवं, वाळूउपसा, बंदरं, हवामानबदल असं सगळं कोंबलंय आणि मुदत लिहिलीय तीन महिने! वाचणाऱ्याने काय समजावं? या बाईंना अजून काहीच सापडलेलं नाही, पैसे मिळाले की शोधायला निघतील, असंच ना? पैसे देणारे विषयाला पैसे देत नाहीत. एखादी गोष्ट बिनसलेली दिसते, ती का बिनसली हे शोधायला अमुक ठिकाणी जाऊन अमुक कागद बघावे लागतील, अमुक माणसांना भेटावं लागेल, इतपत काम तुम्ही स्वतःच्या खर्चाने आधीच केलेलं असलं तर पुढच्या खर्चाला ते देतात.

म्हणून समुद्र आठवडाभर बाजूला ठेवा आणि पहाटे गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जा.

२०२३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पापलेटला राज्य मासा जाहीर केलं गेलं. आणि त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. कारण साधं आहे, एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू ताटात आलं तर पुढच्या हंगामात ताट रिकामं. आता तुम्ही बाजारात टोपलीतली हाताच्या तळव्यात मावणारी पापलेटं बघा. बांगड्यांची पिल्लं बघा. कोळीणमावशींना विचारा, ही कुठून आली? रत्नागिरी म्हणतील, मुंबई म्हणतील, गुजरातचा माल म्हणतील. आणि इथे गंमत सुरू होते. मासा जाळ्यात आला तेव्हा तो कुणी मोजायचा? जेट्टीवर मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस किती बंदरांना पुरतो? बर्फाच्या ट्रकमधून घाट चढून आलेल्या माशाचं वय पुण्यात कोण तपासणार, आणि तो गुजरातेतून आला असेल तर महाराष्ट्राचा नियम त्याला लागतो का? हॉटेलात तळलेल्या अवस्थेत तर विचारायलाच नको. लहान पापलेट एका माणसाच्या ताटात अख्खं बसतं, म्हणून त्याला हॉटेलांकडून मागणी असते. म्हणजे या गोष्टीतला एक आरोपी डेक्कनवर थाळी खाऊन ढेकर देतो आहे. संपादकांना सांगा, पुणेकराचा समुद्राशी संबंध हा असा आहे.

आता माहिती अधिकारात एक अर्ज टाका, रत्नागिरीच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांकडे. किमान लांबीच्या नियमाखाली किती तपासण्या केल्या, किती कारवाया, किती दंड, एवढंच विचारा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा परिसंवादाचा मथळा इथेही नको. उत्तर आलं तर बातमी, नाही आलं तर अपील आणि तीही बातमीच. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था राज्यवार मासळी उतरण्याचे वार्षिक अंदाज प्रसिद्ध करते, ते उतरवून घ्या. मग शनिवार-रविवार आजोळी जा आणि हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात नुसत्या उभ्या राहा. वही काढू नका. कुणाचा माल कोण उचलतं, लहान मासा कुठल्या ढिगात जातो, एवढं पाहिलंत तरी पुरे.

इतकं केलंत की अर्ज दीड पानात लिहून होतो. खर्च फार तर पाचेक हजार, तोही बहुतेक तुमच्या गाडीच्या पेट्रोलचा.

(कासवांवर लिहू नका असं माझं म्हणणं नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव आता इतक्या वेळा छापून आलंय की परीक्षकाला ते तोंडपाठ असतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये काम सुरू केलं, २०२२ मध्ये ‘प्रथमा’ नावाच्या कासवीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसला, २०२५ मध्ये ओडिशात खूण केलेली कासवी गुहागरला अंडी घालताना सापडली. गोष्ट सुंदर आहे आणि सांगून झालेली आहे. घरटी राखणाऱ्या कासवमित्राला महिन्याला काय मिळतं, वेळेवर मिळतं का, उरलेले आठ महिने तो काय करतो, हे मात्र मी फारसं वाचलेलं नाही.)

आता पैसे कुठे आहेत ते. इंटरन्यूज या माध्यमांना मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं अर्थ जर्नलिझम नेटवर्क २००४ पासून पर्यावरण पत्रकारांना एकेका बातमीसाठी अनुदान देतं. अर्ज इंग्रजीत, पण बातमी स्थानिक भाषेत चालते, सोबत भाषांतर द्यायचं. तुमच्यासाठी पहिली पायरी हीच. वॉशिंग्टनच्या पुलित्झर सेंटरने २०२३ मध्ये ओशन रिपोर्टिंग नेटवर्क सुरू केलं. त्यात निवडलेले पत्रकार वर्षभर एकाच सागरी विषयावर काम करतात. (पुलित्झर पारितोषिकाशी या संस्थेचा संबंध नाही. तुमच्या अर्जात ती गल्लत झालीय, ती वाचणाऱ्याला खटकली असणार.) वर्षभराच्या शिष्यवृत्तीकडे आत्ता बघू नका. दोन-तीन छोट्या बातम्या पाठीशी असू द्या. मोंगाबे इंडिया २०१८ पासून आहे आणि डायलॉग अर्थ म्हणजे पूर्वीचं चायना डायलॉग आणि थर्ड पोल. ही पर्यावरणाच्या बातम्यांची संकेतस्थळं. या दोन्हीकडे मुक्त पत्रकाराने आधी कल्पना पाठवायची, त्यांना पटली तर लेखाचे पैसे. अनुदान नव्हे, पण मजकूर छापून येतो, इंग्रजीत नाव होतं आणि पुढच्या अर्जाला जोडायला दुवा मिळतो. आणि ‘परी’ला विसरू नका. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ मराठीतही वाचायला मिळतं, आणि मच्छीमारांवरचं काम तिथे शोभतं.

यातल्या बहुतेकांना एक चिठ्ठी लागते, ‘बातमी झाली तर आम्ही छापू’ अशी संपादकाच्या सहीची. तुमचे ते जुने संपादक आठवतात ना? जा, चहा प्या, गणेश पेठेची गोष्ट सांगा आणि चिठ्ठी घेऊन या. फुकटात बातमी मिळणार असेल तर समुद्राविषयीची मतं बदलतात, असा माझा अनुभव आहे.

बाबांची भीती खोटी नाही, पण नेमकी नाही. परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरए. त्याच्या तिसऱ्या कलमात परकीय देणगी कुणी घ्यायची नाही त्यांची यादी आहे आणि त्यात नोंदणीकृत वर्तमानपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक येतात. ‘स्तंभलेखक’ हा शब्द नीट वाचा, कारण तुमचा पंधरवड्याचा स्तंभ आहे. म्हणजे हा प्रश्न वर्तमानपत्रात न लिहिणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला नसेल पण तुम्हाला आहे. दुसऱ्या बाजूला, केलेल्या कामाचा मोबदला, व्यवसायात दिलेल्या सेवेची फी, ही देणगी धरली जात नाही, असंही त्याच कायद्यात आहे. तेव्हा सगळं येऊन ठेपतं ते करारावर. कागदावर ‘ग्रँट’ लिहिलंय की ‘अमुक लेखाचं मानधन आणि त्यासाठी झालेला खर्च’, हे बघा. मी वकील नाही, तुमचे बाबाही नसावेत. तेव्हा सही करण्याआधी एफसीआरएची कामं करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला किंवा वकिलाला करार दाखवा आणि त्याची फी देऊन लेखी मत घ्या. बँक पैसे कशाचे म्हणून कोड विचारेल, तेव्हा उत्तर करारातल्या शब्दांशी जुळू द्या. रक्कम जमा झाल्याचा दाखला, बिल, करार आणि छापून आलेली बातमी एका फाइलीत ठेवा. आणि कुठल्या ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून पैसे वळवून घेऊ, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्याकडे वळवायला बंदी आहे. त्यात संस्थाही बुडते आणि तुम्हीही.

आता त्या जनसंपर्क अधिकाऱ्यांचं. सीएसआर म्हणजे कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५. तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के ठरावीक सामाजिक कामांवर खर्च करायचे. कामांची यादी सातव्या परिशिष्टात आहे. पर्यावरण त्यात आहे, पत्रकारिता नाही. शिवाय कंपनी स्वतः काम करणार नसेल तर पैसा नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत जातो, एकट्या पत्रकाराच्या खात्यात नाही. म्हणजे तुम्हाला जे देऊ करताहेत ते बहुधा सीएसआर नाहीच, जाहिरातीच्या खात्यातला पैसा आहे. त्यांना एवढंच विचारा, ‘तुमच्या वार्षिक अहवालात ही रक्कम कुठल्या रकान्यात दिसेल?’ फोन ठेवायची घाई होईल.

शब्द बदलायला सांगणार नाहीत, हे मात्र मला खरं वाटतं. सांगावं लागतच नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी एका किनाऱ्यावर गेलो होतो, एका रिसॉर्टच्या मालकाचा पाहुणा म्हणून. गावाचं नाव जाऊ दे. तीन दिवस राहिलो, पैसे कुणी मागितले नाहीत, लिही असंही कुणी म्हटलं नाही. सुरूच्या बनाच्या पुढची वाळूची टेकडी कापून तिथे खोल्या काढल्या होत्या आणि सांडपाण्याचा पाइप सरळ पुळणीत सोडला होता. मी तो पाहिला, ओलांडला. पुण्याला येऊन मी सूर्यास्तावर दीड रकाना लिहिला. चांगला झाला होता, लोकांची पत्रं आली. त्या गावातला एक शाळामास्तर मला नंतर भेटला, त्याने लेख वाचला होता. पाइपाबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही नाही. तो रकाना मी कधी संग्रहात घेतला नाही.

तेव्हा, नाही म्हणा. बाबांना सांगा, चौकशी दारात येण्यापेक्षा हे वाईट.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. पैसा पर्यावरण संस्थेचा असला तरी गाठ बसतेच. कांदळवन लावणाऱ्या संस्थेने तुमचा प्रवासखर्च दिला तर जगलेली रोपं तुम्हाला दिसतात, मेलेली मोजावीशी वाटत नाहीत. म्हणून देणारा कुणीही असो, दोन वाक्यं करारात असू द्या: मजकुरावर अंतिम अधिकार पत्रकार आणि संपादकाचा, आणि पैसे कुणी दिले ते लेखाखाली छापलं जाईल. पत्रकारितेला पैसे देणारी जाणती संस्था यावर काही म्हणणार नाही. जी कुरकुर करेल तिचा पैसा सोडा.

खर्चाचं अंदाजपत्रक तुम्ही इतकं लाजत लिहिलंय की बघून वाईट वाटलं. स्वतःचं मानधन शून्य! असं करू नका, त्याने कुणाला भरवसा येत नाही, उलट ही काम अर्धवट टाकेल असं वाटतं. किती दिवस फिरणार, किती दिवस लिहिणार, दिवसाचे किती, असं मांडा. बोटीवर जायचं तर डिझेलचा वाटा द्यावा लागेल. तो द्या आणि पावती नसली तर तांडेलाची सही घ्या. पण मुलाखतीचे पैसे देऊ नका, मग दुसऱ्या दिवशी तेच उत्तर दुप्पट रंगवून मिळतं. चांगलं लाइफ जॅकेट स्वतःचं घ्या आणि ते खर्चात लावा, बोटीवरचं बहुधा कशाखाली तरी दबलेलं असतं. अपघात विमा लावा. गावातल्या कुणा मुलाने फोटो काढले तर त्याचे पैसे वेगळे दाखवा, भाषांतराचेही. आणि लक्षात ठेवा, रक्कम बहुतेक हप्त्यांत येते, शेवटचा हप्ता बातमी छापून आल्यावर. तोवरचं घरभाडं अनुदानातून निघणार नाही.

सरळ सांगायचं तर फक्त समुद्रावर लिहून तुमचं पुण्यात घर चालणार नाही, निदान पहिली काही वर्षं नाही. भाषांतरं घ्या, शिकवण्याचे तास घ्या, स्तंभ चालू ठेवायचा की नाही हे त्या वकिलाच्या मतानंतर ठरवा. मी ओळखतो त्या चांगल्या लिहिणाऱ्यांपैकी एकाचंही पोट एका विषयावर भरलेलं नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. ते दोन महिने कागदांना द्या. माहिती अधिकाराचं उत्तर, पाषाण, आकुर्डी, अर्जाचा नवा मसुदा. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की हर्णै. मसुदा झाला की मला पाठवा, फक्त या वेळी दीड पानाच्या वर गेला तर मी वाचणार नाही.

आणि बाजारात जाताना स्टीलची पट्टी न्या, लाकडी ओली होऊन फुगते. माशाची लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत धरायची की टोकापर्यंत, हे अधिसूचनेत आधी बघून घ्या. त्या दोन सेंटिमीटरवरून मावशी तुमच्याशी भांडतील.